चीता मिळाला, तर सांत्वन कशाला?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी आमच्या शेजारी पेढे वाटले गेले. शेजाऱ्यांचा मुलगा लष्करात कॅप्टन आहे. इथेच, आपल्या नाशिकरोडच्या गांधीनगरला, त्याचं हेलिकॉप्टरचं प्रशिक्षण पुरं झालं आणि छातीवर विंग्ज (वैमानिकाचा बिल्ला) लागल्या. वडील एसटीत वाहक होते, आई घरी शिवणकाम करते. दोघांनीही आजवर विमानात पाऊल ठेवलेलं नाही. घर पाहुण्यांनी भरलेलं, आतून कुकरच्या शिट्ट्या, आणि तेवढ्यात पुण्याहून आलेल्या मामांनी विचारलं, ‘‘मग, मशीन कोणतं मिळालं?’’ मुलगा म्हणाला, ‘‘चीता.’’ मामा जरा थांबले. म्हणाले, ‘‘अरेरे, अपाची नाही का दिलं? असू दे, पुढे मिळेल.’’ (चीता हे छोटं, हलकं हेलिकॉप्टर; अपाची हे अमेरिकन लढाऊ हेलिकॉप्टर.) दुसऱ्या एकाने तिथल्या तिथे मोबाइलवर शोधून मोठ्याने वाचलं, ‘‘हे तर 1970 सालचं आहे!’’ मुलगा नुसता हसला. त्याच्या आईचा चेहरा मात्र उतरला. पेढ्यांचं ताट हातात धरून ती दाराशी तशीच उभी राहिली.

त्याच आठवड्यात आपल्या पत्रांच्या सदरात एका वाचकांचं पत्र आलं होतं. परीक्षेच्या दिवसांत सकाळपासून डोक्यावर घरघर चालते, एकच हेलिकॉप्टर उगाच त्याच त्या जागी घिरट्या घालतं, हा आवाज आणि इंधनाची नासाडी कशासाठी, असा त्यांचा सवाल होता. मामांच्या ‘अरेरे’ला आणि या सवालाला माझ्याकडे एकच उत्तर आहे, म्हणून हे पत्र. थोडं लांबेल, सांभाळून घ्यावं.

मी ईएमईचा, म्हणजे लष्कराच्या यंत्रदुरुस्ती शाखेचा माणूस. नायब सुभेदार म्हणून निवृत्त झालो. 24 वर्षांच्या नोकरीतली 17 वर्षं हेलिकॉप्टरच्या देखभालीत गेली, त्यातली बरीचशी चीता आणि चेतकवर. उडवणारे साहेब वेगळे, आम्ही खाली जमिनीवरचे. पण इंजिन सुरू होताना अग्निशामक घेऊन समोर जो उभा असतो, साहेबांच्या डोळ्यात बघून अंगठा वर करतो आणि मशीन परत येईपर्यंत आभाळाकडे नजर लावून बसतो, तो मी. शिकाऊ पोरं मी फार जवळून पाहिली आहेत.

आधी मामांचं. कोर्स संपल्यावर कोणाला कोणतं मशीन, हे गॅदरिंगमधल्या बक्षिसांसारखं ठरत नाही. कुठल्या स्क्वाड्रनला किती वैमानिक हवेत, कुणाची प्रकृती उंचावरच्या कामाला चालेल, प्रशिक्षकांनी काय शेरा दिला, या सगळ्यावर ते ठरतं. लष्करातले बरेच नवे वैमानिक चीता-चेतकवर सुरुवात करतात, काहीजण ध्रुव या स्वदेशी हेलिकॉप्टरवर जातात. लष्करासाठी अपाची घेतली ती सगळी मिळून सहा. करार फेब्रुवारी 2020 मधला, पहिली तीन आली ती जुलै 2025 मध्ये. सहा मशीन! त्यांच्यासाठी आधी हजारो फुटांवर हात तयार झालेले अनुभवी लोक निवडणार, की काल विंग्ज लागलेलं पोर? (हवाई दलाकडे अपाची 22 आहेत, ती वेगळी. बातम्यांत दोन्हींची सरमिसळ होते आणि मग घरोघरी अपेक्षा वाढतात.)

आणि विंग्जपर्यंत पोचणंच मुळात किती अवघड असतं, हेही सांगायला हवं. वैमानिक होण्याची योग्यता तपासणारी जी चाचणी असते, ती आयुष्यात एकदाच देता येते. एकदा नापास झालं की तो दरवाजा कायमचा बंद. दहावीला पुरवणी परीक्षा असते, इथे तीही नाही. भारतात हेलिकॉप्टरचं सैनिकी शिक्षण मुख्यतः तीन ठिकाणी चालतं. हवाई दलाचं हैदराबादजवळच्या हकीमपेटला, नौदलाचं तमिळनाडूत अरक्कोणमच्या ‘आयएनएस राजाली’वर आणि लष्कराचं आपल्या नाशिकरोडला. इथली ‘कॉम्बॅट आर्मी एव्हिएशन ट्रेनिंग स्कूल’ 2003 सालची. ती नाशकातच का, याला कारण आहे. तोफखान्याची शाळा शेजारी देवळालीत. तोफेचा गोळा कुठे पडला हे वरून पाहून सांगणारे जे तोफखान्याचे वैमानिक होते, ‘एअर ओपी’ म्हणायचे त्यांना, त्यांच्यातूनच 1 नोव्हेंबर 1986 रोजी आर्मी एव्हिएशन कोअर उभी राहिली. लष्कराच्या पहिल्या महिला लढाऊ वैमानिक कॅप्टन अभिलाषा बराक यांना 25 मे 2022 रोजी विंग्ज मिळाल्या त्याही याच शाळेत. नाशिककरांनी द्राक्षांचा आणि कुंभमेळ्याचा अभिमान बाळगावाच, त्यात याचीही भर घालावी.

आता त्या घिरट्यांचं.

हेलिकॉप्टर पुढे नेणं तुलनेने सोपं. अवघड असतं ते एका जागी स्थिर धरणं, म्हणजे हॉवर. डाव्या हातात कलेक्टिव्ह नावाची दांडी, ती वर ओढली की मशीन वर. उजव्या हातात साइक्लिक, तिने पुढे-मागे-बाजूला. पायाखाली पेडल, त्यांनी नाक वळवायचं. यातलं एक हललं की बाकीची दोन सावरावी लागतात. पहिल्या दिवशी शिकाऊ पोराच्या हातात मशीन दिलं की ते सगळ्या मैदानभर फिरतं. तो साइक्लिक करकचून धरतो, प्रशिक्षक सांगत राहतात, मूठ सोड, मूठ सोड. जितकी घट्ट मूठ, तितकं मशीन बेभान. मी खाली उभा राहून बघायचो. स्किड (मशीन ज्यांवर टेकतं ते खालचे दांडे) गवतावरून कधी हातभर वर, कधी चार हात, शेपूट डुलतेय. अर्ध्या-पाऊण तासाने उतरले की पोराचं ओव्हरऑल पाठीवर मानेपासून कमरेपर्यंत भिजलेलं, थंडीचे दिवस असले तरी. हेल्मेट काढताना बोटं वळत नसत. एकदा एकजण पाणी प्यायला माझ्याकडे आला आणि बाटलीचं झाकणच त्याला उघडेना. मी उघडून दिलं. पुढच्या आठ-दहा दिवसांत कधी तरी एका सकाळी तेच पोर तेच मशीन खिळा ठोकल्यासारखं एका जागी धरतं. हात बसतो. कुणी सांगावं लागत नाही, खालून दिसतं.

पायांचीही एक गंमतीची, पण महत्त्वाची गोष्ट आहे. चीता-चेतक मूळचे फ्रेंच घराण्यातले. त्यांचा मुख्य पंखा वरून पाहिलं तर घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरतो. त्यामुळे ताकद वाढवली की उजवा पाय द्यावा लागतो. अमेरिकन अपाचीचा पंखा उलटा फिरतो, तिथे त्याच क्षणी डावा पाय. म्हणजे अनेक वर्षं जो पाय आपोआप पुढे जातो, तो नव्या मशीनवर आवरून दुसरा पुढे करायचा, तोही विचार करायला वेळ नसताना. म्हणून एका मशीनवरून दुसऱ्यावर जायला पुन्हा वेगळं प्रशिक्षण लागतं. ‘असू दे, पुढे मिळेल’ या चार शब्दांत हे सगळं येत नाही.

आणि ज्यासाठी हेलिकॉप्टर त्याच त्या जागी पुन्हा पुन्हा येतं, तो धडा ऑटोरोटेशनचा. चीता आणि चेतकला इंजिन एकच. ते बंद पडलं तर? लोकांना वाटतं, दगडासारखं खाली. तसं नाही. गच्चीवरून कागदाची भिंगरी सोडली की ती गरगरत, सावकाश खाली येते, तसं खालून वर घुसणारा वारा पंख्याला फिरवत ठेवतो. पण त्यासाठी वैमानिकाने एक-दोन सेकंदांत कलेक्टिव्ह खाली टाकली पाहिजे. माणसाचा स्वभाव उलटा. मशीन पडतंय म्हटल्यावर हात वर ओढायला धावतो. वर ओढलं की पंखा मंदावला, आणि पंखा मंदावला की सगळं संपलं. स्वभावाच्या विरुद्ध हात खाली नेणं, मग जमीन जवळ येईपर्यंत धीर धरणं, अगदी शेवटी नाक उचलून वेग मारणं आणि पंख्यात साठलेल्या फिरकीवर अलगद टेकणं. हे पुस्तकात वाचून येत नाही. शंभरदा करावं लागतं. वाचकमहाशयांना ज्या घिरट्या उगाच वाटल्या, त्या या होत्या.

चीता म्हणजे फ्रान्सचं ‘लामा’ हेलिकॉप्टर, आपल्याकडे परवान्यावर बांधलेलं. 21 जून 1972 रोजी ज्याँ बूले नावाच्या फ्रेंच वैमानिकाने हेच लामा 12,442 मीटर उंचीवर नेलं. एव्हरेस्टच्याही साडेतीन हजार मीटर वर. तिथे त्यांचं इंजिन विझलं आणि पुन्हा पेटलं नाही. तेवढ्या उंचीवरून ते ऑटोरोटेशननेच खाली आले आणि सुखरूप उतरले. शेजारच्या घरातल्या त्या मोबाइलवर ‘1970 सालचं’ हे दिसलं, हेही दिसायला हवं होतं.

हे जुनं मशीन अजून का चालतं, तेही सांगतो. त्याचं इंजिन 870 अश्वशक्तीचं, पण वापरायचं 550 पर्यंतच. बाकीची ताकद राखीव. हवा विरळ झाली की इंजिनाचा दम कमी होतो, तेव्हा ही राखीव ताकद कामाला येते. वजन कमी. शेपूट म्हणजे उघडा नळ्यांचा सांगाडा, पत्रासुद्धा नाही. सियाचिनवर 1984 च्या ‘मेघदूत’ मोहिमेपासून आजवर सर्वांत वरच्या चौक्यांना जगवलं ते याने. तिथलं हेलिपॅड म्हणजे बर्फात दाबून केलेली, घोंगडीएवढी वाटावी अशी जागा. रॉकेलचे मोजके कॅन, औषधं, घरची पत्रं. इंजिन बंद करायचं नाही, पंखा फिरता ठेवून सामान उतरवायचं आणि निघायचं. आणि लक्षात घ्या, इंजिन गेलं तर ऑटोरोटेशनला एक तर उंची लागते, नाही तर वेग. त्या बर्फाच्या कडेवर टेकताना वैमानिकापाशी दोन्ही नसतात. तरी ते रोज जातात.

फेब्रुवारी 2016 मध्ये 19,600 फुटांवरच्या सोनम चौकीवर बर्फाचा कडा कोसळला. दहा जवान गाडले गेले. त्यात आपल्या साताऱ्याचाही एक होता. सहा दिवसांनी लान्सनायक हणमंतप्पा कोप्पड जिवंत सापडले तेव्हा त्यांना खाली आणलं हेलिकॉप्टरनेच. ते पुढे वाचले नाहीत. पण त्या दिवशी देशभर प्रार्थना करणाऱ्यांपैकी कुणीही विचारलं नव्हतं की हेलिकॉप्टर कोणत्या सालचं आहे.

म्हणून म्हणतो, ज्या पोराला चीता मिळाला त्याच्या घरी सांत्वनाला जाऊ नका. तिथे प्रत्येक किलो मोजावा लागतो. वाऱ्याचा अंदाज समोरच्या कड्यावरून उडणाऱ्या बर्फाच्या भुरभुरीवरून घ्यावा लागतो. मदतीला स्वयंचलित यंत्रणा नाही. जे काही आहे ते त्याच्या दोन हातांत आणि दोन पायांत. ज्याने हे काम केलं, त्याच्याकडे पुढे कुठलंही मशीन विश्वासाने देता येतं.

इतकं सांगितल्यावर आता दुसरी बाजू सांगणं माझं कर्तव्य आहे, आणि ती सांगताना मला यातना होतात. मी चीताचा भक्त आहे. पण त्याला आता निवृत्ती दिली पाहिजे. कधीच द्यायला हवी होती.

1970 हे आराखड्याचं वय. शेजारच्या मुलाला जे मशीन मिळेल ते पुष्कळ नंतर बांधलेलं असेल. शिवाय हेलिकॉप्टरच्या प्रत्येक भागाला तासांचं आयुष्य असतं. पात्यांना वेगळं, गिअरबॉक्सला वेगळं. एकेका उड्डाणाची मिनिटं लॉगबुकात चढतात आणि आयुष्य संपलं की भाग बदलतात, तो चांगला दिसत असला तरी. म्हणून ‘पन्नास वर्षांचं भंगार’ असं जे लिहिलं जातं ते खरं नाही. पण आराखडा जुना असणं म्हणजे काय, हे आम्हाला हातांनी कळतं. सुटा भाग मिळायला उशीर. मिळेपर्यंत एक मशीन उभं, त्याचा भाग काढून दुसऱ्याला. शिवाय काचेच्या पडद्यावर नकाशा, हवामान, अडथळे दाखवणाऱ्या आजच्या यंत्रणा त्यात मुळातच नाहीत. ढगात सापडलेल्या पोराकडे जुनी गोल घड्याळं आणि स्वतःचं मन. ईशान्येकडच्या डोंगरांत, अरुणाचलात, गेल्या काही वर्षांत चीताचे अपघात झाले आणि तरणेताठे अधिकारी गेले. ते आकडे मला इथे मांडायचे नाहीत. ज्यांचे गेले त्यांना ते पाठ आहेत.

हे सरकारला ठाऊक नव्हतं असं नाही. चीता-चेतकच्या जागी 197 हलकी हेलिकॉप्टर घ्यायची निविदा 2007 मध्ये रद्द झाली. पुन्हा काढली, वर्षानुवर्षं चाचण्या झाल्या आणि 2014 मध्ये पुन्हा रद्द. 2015 मध्ये रशियाशी 200 कामोव्ह हेलिकॉप्टरची बोलणी झाली, त्यातून आजवर एकही मशीन स्क्वाड्रनमध्ये आलेलं नाही. त्याच वर्षी लष्करी वैमानिकांच्या पत्नी तेव्हाचे संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांना जाऊन भेटल्या आणि ही जुनी हेलिकॉप्टर थांबवा असं त्यांनी निवेदन दिलं. पर्रीकर गोव्याचे, स्वतः इंजिनिअर, त्यांना मुद्दा समजला नसेल असं मी म्हणणार नाही. आपलं स्वदेशी हलकं हेलिकॉप्टर, ज्याला एलयूएच म्हणतात, ते सप्टेंबर 2016 मध्ये पहिल्यांदा उडालं. लेह-सियाचिनच्या उंचीवर त्याच्या चाचण्याही झाल्या. फेब्रुवारी 2023 मध्ये कर्नाटकात तुमकुरूला त्याच्या कारखान्याचं उद्घाटन झालं. आणि ऑगस्ट 2025 मध्ये पुन्हा 200 हलक्या हेलिकॉप्टरसाठी, 120 लष्कराला आणि 80 हवाई दलाला, कंपन्यांकडून माहिती मागवण्यात आली. म्हणजे 2007 मध्ये ज्या पायरीवर होतो, जवळपास त्याच पायरीवर. तेव्हा पहिलीत असलेली मुलं आज कॅप्टन होऊन त्याच चीतात बसताहेत. याचा मला राग येतो. हा राग लपवायचं मला काही कारण दिसत नाही.

माझं एक कळकळीचं मागणं आहे, आणि ते मी आजवर कुठे छापून आलेलं पाहिलं नाही. नवं हलकं हेलिकॉप्टर ज्या दिवशी येईल, त्या दिवशी पहिल्या खेपेतली काही मशीन नाशिकच्या शाळेला द्या. मला भीती आहे की तसं होणार नाही. सगळी सीमेवर जातील, कारण गरज तिथे आहे, आणि शाळेत जुनीच राहतील, कारण ‘शिकायला काय, जुनं चालतं’. आपल्या घराघरांतही असंच होतं, नवी सायकल मोठ्याला, शिकायला मोडकी धाकट्याला. हेलिकॉप्टरच्या बाबतीत हे उलट हवं. वैमानिक घडायला लागतो वेळ. पण त्याला घडवणारा प्रशिक्षक घडायला त्याहून जास्त. नवं मशीन आधी शाळेत आलं तर वर्ष-दोन वर्षांत प्रशिक्षक तयार होतील, आमच्यासारखे तंत्रज्ञ तयार होतील, खाचाखोचा सपाट जमिनीवर, दवाखाना जवळ असताना कळतील. नाही तर पोर गोल घड्याळांवर शिकणार, स्क्वाड्रनमध्ये गेल्यावर काचेच्या पडद्याशी पहिल्यांदा भेटणार, तेही डोंगरांत. सिम्युलेटर हवेतच, त्यांनी पुष्कळ काम सोपं होतं. पण पाठीतून जो घाम निघतो तो सिम्युलेटरमध्ये निघत नाही.

उड्डाण थांबलं की काय होतं, तेही गेल्या वर्षी पाहिलं. 5 जानेवारी 2025 रोजी पोरबंदरला तटरक्षक दलाचं ध्रुव कोसळलं आणि तिघे गेले. त्यानंतर देशातली सगळी ध्रुव जमिनीवर उभी केली. कारण सापडेपर्यंत थांबवणं योग्यच होतं, मी तंत्रज्ञ म्हणून त्याच्या बाजूने आहे. पण मशीन काही महिने उभं राहतं तेव्हा वैमानिकाचा हातही उभा राहतो. तबलजीला विचारा, महिनाभर रियाज सुटला तर काय होतं. आणि ध्रुवचं काम थांबलं की पुरवठा, जखमींना आणणं, सगळा भार कुणावर पडतो? त्याच म्हाताऱ्या चीता-चेतकवर.

आता आवाजाबद्दल. वाचकमहाशय, आपल्याकडे परीक्षेला बसलेलं मूल असेल तर आपला त्रास खरा आहे. माझी नात यंदा दहावीला आहे, घरात खिडक्या लावून अभ्यास चालतो. प्रशिक्षण शाळेच्या अधिकाऱ्यांनी परीक्षेच्या तासांत शक्य तिथे वळण बदलावं, अशी विनंती नगरसेवकांमार्फत जरूर करावी. माझ्या अनुभवात अशा विनंत्या ऐकल्या जातात. पण आपणही दोन गोष्टी सांभाळू या. मकरसंक्रांतीच्या दिवसांत विमानतळाच्या आसपास पतंग नकोत, नायलॉनचा मांजा तर कुठेच नको. पंख्याच्या मुळाशी, जिथे पात्यांचा कोन बदलणारे दांडे असतात, तिथे गुंडाळलेला मांजा मी माझ्या हातांनी सोडवला आहे. कातरीने तुटत नव्हता, बोट कापलं. तो वेळीच दिसला नसता तर, हा विचार आजही नको वाटतो. दुसरं, उघड्यावर मटणाचे, हॉटेलातले उष्ट्याचे ढीग. त्यांवर घारी जमतात, आणि घार काचेच्या बुडबुड्यासारख्या त्या कॉकपिटला धडकली तर आत बसलेल्याच्या चेहऱ्यापर्यंत मध्ये फारसं काही नसतं. आम्ही रोज पहाटे रांगेत चालत टरमॅकवरचा खडा न् खडा, खिळा न् खिळा वेचायचो. भिंतीपलीकडचं वेचणं आमच्या हातात नव्हतं.

संपादक महोदय, एक विनंती आपल्यालाही. अपघाताच्या दुसऱ्या दिवशी ‘उडती शवपेटी’ असे मथळे देऊ नयेत. निविदा का रद्द झाल्या, कारखान्यातून मशीन कधी येणार, हे जरूर विचारा, पुन्हा पुन्हा विचारा, पहिल्या पानावर विचारा. पण तो एक शब्द ज्या घरात वाचला जातो, तिथली आई त्या रात्री झोपत नाही. आणि तिच्या मुलाला दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच मशीनचा पट्टा आवळायचा असतो.

पाहुणे गेल्यावर त्या संध्याकाळी शेजारच्या वहिनी आमच्याकडे आल्या. वाटीत पेढे होते, ते निमित्त. थोडा वेळ माझ्या पत्नीशी बोलल्या आणि मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, ‘‘भाऊ, ते मशीन चांगलं असतं ना हो?’’ मी म्हटलं, उद्या सकाळी साडेसातला गच्चीवर या.

आल्या. पदर डोक्यावर घेऊन कठड्याशी उभ्या राहिल्या. गांधीनगरच्या बाजूला एक चीता वर चढला, वळून आला आणि आवाज एकदम उतरला. वहिनींनी माझा हात धरला. म्हणाल्या, ‘‘हे रोज होतं. स्वयंपाक करताना ऐकू येतं. आवाज गेला की माझा हात थांबतो, पुन्हा आला की पोळी उलटते.’’ मी त्यांना सांगितलं की आवाज मुद्दाम उतरवलाय, आत कुणा तरी पोराला इंजिनाशिवाय उतरायला शिकवताहेत, आपल्या पोरानेही हे इथेच केलंय, किती तरी वेळा. मशीन खाली आलं, झाडांच्या रेषेशी नाक किंचित उचललं आणि दिसेनासं झालं. थोड्या वेळाने आवाज पुन्हा भरला आणि ते वर आलं.

वहिनींनी अशा पाच चकरा पाहिल्या. खाली जाताना जिन्यात थांबून विचारलं, ‘‘हे शिकवणारे साहेब कोण असतात? त्यांची आई कुठे असते?’’ मला उत्तर देता आलं नाही.

मुलाची गाडी गुरुवारी आहे. लोकरीचे मोजे मी माझे जुने दिलेत, तिकडे लागतील.

आपला,
एक निवृत्त नायब सुभेदार,
नाशिकरोड